वापरण्यापूर्वी बाटली हलवा

काशीला गेलं की काहीतरी सोडून यायचं असतं. आवडतं फळ, आवडती भाजी. नियम स्पष्ट आहे, पण आमच्या घराण्याने त्यातून कायम पळवाट काढलेली. आजोबांनी काशीत कारलं सोडलं, जे त्यांनी त्याआधी कधी ताटात पडू दिलं नव्हतं. थोरल्या काकांनी दुधी भोपळा सोडला. आत्याने तेवढा भाबडेपणाने हापूस सोडला आणि पुढे हयातभर दर मे महिन्यात तिने काशीविश्वेश्वराशी अबोला धरला. हा सगळा इतिहास माहीत असल्यामुळे यंदा आम्ही दोघं यात्रेला निघालो, तेव्हा गाडीने कल्याण सोडायच्या आत बायकोने विचारलं, "तुम्ही काय सोडणार?"

"बघू तिथे गेल्यावर."

"साखर सोडा. नाहीतरी डॉक्टरांनी बंदच केलीय."

डॉक्टरांचं पथ्य विश्वेश्वराच्या खात्यावर पुण्य म्हणून जमा करायची ही युक्ती मला आवडली. पण मी शब्द दिला नाही.

तिसऱ्या दिवशी यात्रेतली सगळी मंडळी बनारसी शालू बघायला निघाली. मी म्हटलं, मी हिंदू विश्वविद्यालयात जाऊन येतो.

"तिथे काय आहे?"

"आमचं मूळपीठ."

तिला वाटलं, एखादं देऊळ असेल. म्हणाली, "मग माझाही नमस्कार सांगा."

मूळपीठच ते. मी जुना बी. फार्म. आहे, आणि ही पदवी या देशात पहिल्यांदा दिली गेली ती बनारस हिंदू विश्वविद्यालयात. रिक्षावाल्याने विचारलं, "कौन-सा विभाग?" म्हटलं, "फार्मसी." त्याने मागे वळून माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "दवाई लेनी है तो लंका पे उतर जाइए, बाबूजी. बीस दुकान हैं." विद्यापीठाच्या दारातल्या त्या नाक्याचं नाव खरोखरच लंका आहे. तिथे औषधांच्या दुकानांची रांगच्या रांग लागलेली. मूळपीठाच्या उंबरठ्यावरसुद्धा फार्मसी म्हणजे दुकान, हे पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं.

कारण हा गैरसमज मी जन्मभर वागवलाय. बी. फार्म.ला प्रवेश घेतला, तेव्हा गावाकडच्या मामांना वाटलं, भाचा शेतकी कॉलेजात गेला. 'फार्म' एवढंच त्यांनी ऐकलं होतं. पुढच्या सुट्टीत त्यांनी मला उसावर पडलेला रोग दाखवायला नेलं. मुलगी बघायला गेलो, तेव्हा भावी सासऱ्यांनी विचारलं, "दुकान स्वतःचं की भाड्याचं?" मी म्हटलं, मी कंपनीत आहे, औषधांची तपासणी करतो. ते समजूतदारपणे म्हणाले, "असू दे, असू दे. सुरुवातीला करावी लागते नोकरी. मेडिकल कधी टाकणार?" मराठीत या शास्त्राला 'औषधनिर्माणशास्त्र' असा भरभक्कम शब्द आहे. पण तो एका दमात उच्चारणारा माणूस मला अजून भेटायचाय. लोक आपले 'मेडिकल'मध्ये जातात आणि 'मेडिकलवाल्या'कडून गोळ्या आणतात.

या मेडिकलवाल्याचा पूर्वज म्हणजे कंपाउंडर. आमच्या लहानपणी दवाखान्यात डॉक्टर देव असत आणि कंपाउंडर बडवे. देवाचं दर्शन दोन मिनिटं, प्रसाद मात्र बडव्यांच्या हातून. लाकडी फळीत एक छोटी खिडकी, तिच्यातून आवाज यायचा, "बाटली आणलीय का?" बाटली घरून न्यायची. ती तो लाल किंवा पिवळ्या मिक्श्चरने भरून द्यायचा. बाटलीवर कात्रीने दातेरी कापलेली कागदाची पट्टी खळीने चिकटवलेली असायची. एक दाता म्हणजे एक डोस. शिवाय तोंडी सूचना, "हलवून घ्यायचं." आमची आई बाटली अशी हलवायची, की शेजारच्या बिऱ्हाडातही कळावं, आज यांच्याकडे कोणीतरी आजारी आहे.

कंपाउंडरला सगळं येत असे. काय कशात किती घालायचं, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. का घालायचं, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसायचं, आणि विचारायची पद्धतही नव्हती. वडिलांकडून, नाहीतर एखाद्या डॉक्टरांच्या हाताखाली राहून तो शिकलेला. पुन्हा त्याच्या हातात येणारा माल खरा की खोटा, हेही त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याच्याही आधीच्या पिढीत तर बाजारात कमअस्सल आणि भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट झाला होता. ओरड वाढली, तेव्हा सरकारने 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. समितीने 1931 मध्ये अहवाल दिला. मथितार्थ असा, की औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा हवा आणि औषधं हाताळणारी माणसं रीतसर शिकलेली हवीत.

अहवालांचं जे होतं, ते याही अहवालाचं झालं. तो तळाशी जाऊन बसला. औषधांचा कायदा यायला 1940 उजाडलं आणि फार्मसीचा कायदा यायला 1948.

अशा वेळी कोणीतरी बाटली हलवावी लागते. हे काम केलं महादेव लाल श्रॉफ यांनी. जन्म 1902, बिहारमधल्या दरभंग्याचा. शिकायला अमेरिकेला गेले, कॉर्नेलमध्ये शिकले, एमआयटीमध्ये शिकले. परत आले, तेव्हा त्यांच्या डोक्यात रसायनशास्त्र आणि रासायनिक इंजिनिअरिंग गच्च भरलेलं होतं. फार्मसीची पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि या देशात ती अजून जन्मालाच यायची होती. पहिल्या भटजीची मुंज कोणी लावली असेल, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. फार्मसीपुरतं त्याचं उत्तर श्रॉफ असं आहे.

विश्वविद्यालय मदनमोहन मालवीयांचं. त्यांनी दारोदार देणग्या मागून ते उभं केलं आणि 1916 च्या वसंतपंचमीला त्याची कोनशिला बसली. त्याच्या उद्दिष्टांमध्ये वेदशास्त्रांच्या जोडीने एक व्यवहारी कलम आहे: देशी उद्योगांना हातभार लागेल असं शास्त्रीय आणि तांत्रिक ज्ञान, प्रत्यक्ष हाताच्या कामासकट शिकवावं. मला या कलमातलं 'हाताच्या कामासकट' फार आवडतं. आता संस्थांची उद्दिष्टं दारातल्या संगमरवरावर कोरलेली असतात आणि त्यांत उत्कृष्टता, जागतिक दर्जा, समाजाभिमुखता असे शब्द असतात. कोणत्याही संगमरवराखाली कोणतीही संस्था चालून जावी, असे ते शब्द. मालवीयांच्या कलमाला मात्र खलबत्त्याचा वास आहे.

1932 मध्ये श्रॉफांनी विश्वविद्यालयात औषधी रसायन हा विषय सुरू केला. पाच वर्षांनी, 1937 मध्ये, त्यातून तीन वर्षांचा बी. फार्म. अभ्यासक्रम झाला. मधल्या काळात त्यांनी संयुक्त प्रांतात फार्मसीवाल्यांची संघटना काढली आणि पुढे 1939 मध्ये एक शोधपत्रिकाही सुरू केली. जरा हिशेब करून पाहा. औषधं देणारा माणूस शिकलेला आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, हा कायदा 1948 चा. म्हणजे कायदा असं काही मागायच्या 11 वर्षं आधीपासून हा गृहस्थ अशी माणसं घडवत होता. मंडपाचा पत्ता नाही, आणि नवरदेव मुंडावळ्या बांधून तयार! त्या पहिल्या मुलांनी घरी काय सांगितलं असेल? त्यांचेही कोणी मामा असतीलच, आणि गंगेच्या काठी ऊस तर भरपूर.

1937 साली दूर अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडली. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं गुणकारी औषध. गोळी नको, पातळ द्या, अशी मागणी आली म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या गोडसर द्रवात विरघळवलं आणि त्याला रास्पबेरीची चव दिली. माल बाहेर पाठवण्यापूर्वी तपासला. काय तपासलं? रंग, चव आणि वास. तिन्हीत पहिला वर्ग! पोटात गेल्यावर काय होतं, हे तपासलं नव्हतं आणि तपासायलाच हवं असं कायदाही म्हणत नव्हता. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत पुष्कळ लहान मुलं. कंपनीवर बोट ठेवायला कायद्यात जागा सापडली ती एवढीच, की बाटलीवर 'एलिक्झिर' लिहिलं होतं आणि एलिक्झिर म्हणायचं तर त्यात अल्कोहोल हवं, ते यात नव्हतं. माणसं मेली त्याबद्दल कलम नव्हतं, नाव चुकलं त्याबद्दल होतं.

एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी मी मनात नेहमी शेजारी शेजारी ठेवतो. फार्मसीचं विद्यालय कशाला हवं, असं कोणी विचारलं, तर माझ्यापाशी संगमरवराची पाटी नाही. ही बाटली आहे. रंग, चव आणि वास यांच्या पलीकडचा चौथा प्रश्न विचारणारं माणूस तयार करायचं, एवढंच त्या विद्यालयाचं काम. हा चौथा प्रश्न पुढे आपल्याकडेही राहून गेला. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरिनात तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. 49 वर्षांनी, तेच रसायन. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. तेव्हा मी एका औषध कंपनीच्या तपासणी विभागात होतो. आमच्याकडे ग्लिसरिनाची पिंपं कायम येत. त्या दिवसांत पिंपाचं झाकण उघडताना हात जड व्हायचे. पिंपात खोट असेल म्हणून नव्हे. इतकी वर्षं आपण ते किती हलक्या हाताने उघडत होतो, हे आठवायचं म्हणून.

हे हात कसे तयार होतात, ते सांगायला हवं. आमच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये इमल्शन असायचं. तेल आणि पाणी यांचं लग्न लावायचं. भटजी म्हणून बाभळीचा डिंक. तेल चार भाग, पाणी दोन, डिंक एक. चार-दोन-एक. हे प्रमाण मला आजही झोपेतून उठवून विचारा. कोरड्या खलात तेल आणि डिंक घोटायचा, मग मोजलेलं पाणी एकदम ओतायचं. थेंबथेंब नाही, एकदम. आणि जीव खाऊन घोटायचं, तेही एकाच दिशेने. आधी नुसता पिवळा चिखल दिसतो. मनगट दुखायला लागतं. शेजारच्या मुलीचं झालेलं असतं. आणि मग अचानक खलातून आवाज यायला लागतो, चट्, चट्, चट्. चिखलाचा रंग पालटून तो दुधासारखा पांढरा होतो. हा आवाज आला की जमलं. नाही आला तर ते तेल पुन्हा वर येणार, तुम्ही कितीही आळवणी करा.

आमचे सर वर्गात फिरताना कोणाच्या खलात बघत नसत, नुसतं ऐकत असत. मागून म्हणायचे, "तुझं बोललं नाही अजून." मला वाटायचं, डिंकाचे लाडू करताना आई यापेक्षा सोप्या डिंकाशी व्यवहार करते. पण त्या 'चट्'ची वाट बघता बघता जे अंगात मुरलं, ते पुस्तकातून मुरलं नसतं. औषध झालंय, असं आपण म्हणून चालत नाही, ते औषधाने म्हणावं लागतं.

दुसरं प्रॅक्टिकल सस्पेन्शनचं. न विरघळणारी पूड पाण्यात तरंगती ठेवायची. अंगावर लावायचं ते गुलाबी कॅलामाइन लोशन पाहिलं असेल, तसं. पूड शेवटी तळाला बसणारच. कण मोठा तर लवकर बसेल, द्रव दाट तर उशिरा बसेल, एवढंच काय ते तुमच्या हातात. बाटलीवर 'हलवा' असं लिहायचं ते त्यामुळे. न हलवता घेतलं, तर पहिले डोस नुसते पाणी आणि शेवटचा डोस सगळ्या बाटलीचं उट्टं काढणारा. आई ज्या जोराने बाटली हलवायची, त्यामागचं शास्त्र मला 20 व्या वर्षी कळलं. तिला ते आधीच ठाऊक असावं.

पण खरी गंमत पुढे आहे. सरांनी दोन नळकांडी टेबलावर ठेवली. एकात पूड भराभर खाली बसली, मोकळी, कापसासारखी, आणि वर स्वच्छ पाणी. दिसायला अगदीच गबाळं. दुसऱ्यात पूड अतिशय सावकाश, एकसारखी, शिस्तीत खाली येत होती. दिसायला देखणं. सरांनी विचारलं, "चांगलं कोणतं?" सगळ्या वर्गाने देखण्याकडे बोट दाखवलं. आठवड्याने पुन्हा दोन्ही आणली. गबाळं नळकांडं एकदा उलटं केलं आणि सगळं पुन्हा एकजीव झालं. देखण्याच्या तळाशी मात्र सिमेंटसारखी वडी झाली होती. सर ती हलवून हलवून थकले, मग म्हणाले, "जे फार शिस्तीत बसतं, ते पुन्हा उठत नाही." पुढे नोकरीत काही वरिष्ठांकडे बघताना मला हे वाक्य वारंवार आठवत असे.

तर त्या दुपारी मी शेवटी विभागाच्या पाटीसमोर जाऊन उभा राहिलो. आता हा विभाग आयआयटीत आहे, 2012 पासून, आणि त्याचं नाव आहे फार्मास्युटिकल इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी. क्षणभर वाईट वाटलं. फार्मसी कुठे गेली? मग लक्षात आलं, श्रॉफ स्वतः इंजिनिअरिंग शिकून आलेले. म्हणजे पाटीवर त्यांचं मूळचं खातं यायला 80 वर्षं लागली. ते स्वतः इथे कायमचे बसलेच नाहीत. पुढे पिलानीला गेले, तिथेही फार्मसीचं शिक्षण उभं केलं. त्यांचा जन्मदिवस, 6 मार्च, आता देशात फार्मसी शिक्षण दिन म्हणून पाळतात. माणूस त्या गबाळ्या नळकांड्यातला असावा. एका जागी त्याची वडी झाली नाही.

एक मुलगा पाठीवरची सॅक सावरत थांबला. "किससे मिलना है, अंकल?"

"किसी से नहीं. बस, देखने आया."

मी जुना बी. फार्म. आहे म्हटल्यावर तो एकदम सरळ उभा राहिला. संशोधन करत होता, नॅनो कणांवर. मी विचारलं, तुमचे कण तळाला बसतात का? तो हसून म्हणाला, "नहीं अंकल, इतने छोटे हैं कि बैठते ही नहीं."

"म्हणजे बाटली हिलानी नहीं पड़ती?" माझं हिंदी ऐन वेळी असं मराठीच्या आडोशाला जातं.

"हिलाने की ज़रूरत नहीं," तो म्हणाला, आणि मग जरा हताशपणे, "लेकिन आपस में चिपक जाते हैं. गुठली बन जाती है."

मला फार बरं वाटलं. कण कितीही बारीक करा, त्यांची खोड जात नाही. आणि कोणीतरी पंचविशीतलं पोरगं ती गुठळी होऊ नये म्हणून रात्री जागतंय. पाटी काही का असेना. मी त्याला चार-दोन-एक विचारलं. त्याने पटकन सांगितलं. मग बायकोचा नमस्कारही पोचवून टाकला, पाटीलाच.

संध्याकाळी घाटावर बसलो होतो, तेवढ्यात चुलतभावाचा फोन. "अरे, पोटात नुसती आग पडलीय. तू मागे एक गोळी सांगितली होतीस ना, नाव काय तिचं?"

नाव माझ्या जिभेवर आलं होतं. गेली 40 वर्षं येतंय. आमच्या नात्यागोत्यात मी फुकटचा फिरता दवाखाना आहे. कोणीही कधीही फोन करावा, मी गोळी सांगावी, त्यांनी "तुला बाबा सगळं ठाऊक" म्हणावं, आणि माझी छाती दोन इंच फुगावी. पण त्या दिवशी, कोण जाणे का, आधी विचारलं, "कधीपासून?"

"झाले पाच-सहा दिवस."

"दुसरी कुठली गोळी चालू आहे?"

"छे. एक गुडघ्याची घेतोय तेवढी. शेजारच्या नानांना लागू पडली, म्हणून त्यांनीच पाकीट दिलंय. सकाळ-संध्याकाळ. आठवडा झाला."

गुडघ्याची म्हणजे दुखणं थांबवणारी, आणि अशा गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तरालाच भाजून काढतात. मी नेहमीसारखं आग विझवणारं नाव सांगितलं असतं, तर खाली चूल तशीच पेटती राहिली असती आणि वरून पाणी मारत बसला असता. म्हटलं, ते नानांचं पाकीट आजच बंद कर आणि सकाळी उठून डॉक्टरांकडे जा, पाकीट बरोबर घेऊन. तो थोडा नाराज झाला. "म्हणजे तू काहीच सांगणार नाहीस?"

फोन ठेवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, 40 वर्षं मी रंग, चव आणि वास बघूनच गोळ्या सांगत आलो होतो.

"ठरलं," मी बायकोला म्हटलं. "फोनवरून गोळ्या सांगणं सोडलं. गंगेच्या साक्षीने."

ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग आता आपल्याला फोन करणार कोण?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. हापूस सोडणाऱ्या आत्याबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

घाटावरच्या धुराने हिला खोकल्याची उबळ आली. तिने पर्समधून सिरपची बाटली काढली. डॉक्टरांनीच लिहून दिलेली होती, मी आधी चिठ्ठी बघून घेतली. तिने झाकणाला हात घातला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हलवून घे."

"हे नाही वाटतं सोडलंत?" ती म्हणाली, आणि आई हलवायची तशी, शेजारच्या छत्रीखालच्या पंड्यालाही ऐकू जावं अशी, बाटली हलवली.